परदेशी भाषाशाळेची नोकरी : स्वीकारण्यापूर्वीचा विचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



 आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारी हयात खडू-फळ्यापाशी गेली. तेव्हा शिक्षकी पेशातील एका वडीलधाऱ्याचा सल्ला, एवढ्याच भावनेने हे ऐकावे.

हल्ली आपल्या ज्ञातीतील इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या पदवीधरांस परदेशातील भाषाशाळांची पत्रे येतात. गेल्या वर्षी एका सभासदाच्या कन्येस जपानहून असे पत्र आले, तेव्हा ते कुटुंब आमच्याकडे विचारावयास आले. येनचे रुपये करून मंडळी हरखून गेली होती. आम्ही एवढेच विचारले, "ही शाळा उद्या बंद पडली, तर मुलीच्या हाती काय उरेल?"

प्रश्न अशुभ वाटेल. पण तो कल्पनेतला नव्हे. 'नोव्हा' ही इंग्रजी संभाषण शिकविणारी जपानातील त्या काळची सर्वांत मोठी संस्था होती. विद्यार्थ्यांकडून ती दीर्घ मुदतीचे शुल्क आगाऊ घेई. मध्येच शिक्षण सोडणाऱ्यास पैसे परत करण्याच्या तिच्या रीतीविरुद्ध एप्रिल २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जूनमध्ये शासनाने दीर्घ मुदतीचे नवे करार करण्यास सहा महिने मनाई केली. नवा पैसा आटताच जुनी देणी उघडी पडली. पगार थकले, आणि ऑक्टोबरमध्ये संस्था बुडाली. सुमारे चार हजार परदेशी शिक्षक अडचणीत आले. त्यांतील पुष्कळांची घरे संस्थेनेच भाड्याने घेतली होती. पगारातून कापलेले भाडे घरमालकांपर्यंत पोहोचलेच नाही, आणि शिक्षकांस घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. काहींनी तर जेवणाच्या मोबदल्यात शिकवणी दिली.

यातून घ्यावयाचा बोध असा की, पगार आणि घर ही दोन्ही एकाच हाती सोपवू नयेत. आमच्या सांगण्यावरून त्या मुलीने शाळेस पत्र लिहून विचारले : घर कोणाच्या नावे? आठवड्याचे तास किती, आणि त्यांत वर्गाबाहेरचे काम धरले आहे काय? आरोग्यविमा कोण भरणार? नोकरी सुटल्यास परतीचा खर्च कोणाचा? तासांचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. जपानात अशा पुष्कळ करारांत आठवड्यास साडेएकोणतीस तास लिहीत, कारण त्याहून अधिक तास भरले की शिक्षकाच्या विम्याचा भार मालकावर येई. शाळेने तीन प्रश्नांची उत्तरे दिली. घराविषयी मौन पाळले. मुलीने घर स्वतःच्या नावे घेण्याची अट घातली. ती मान्य झाली, तेव्हाच ती गेली.

दुसरी गोष्ट परवान्याची. "आधी पर्यटक म्हणून या, कागद मागाहून करू" असे कोणी म्हणाल्यास तेथेच नमस्कार करावा. दक्षिण कोरियातील खासगी भाषाशाळांचा इंग्रजी शिक्षकाचा परवाना इंग्रजीभाषी सात देशांच्या नागरिकांपुरता आहे. त्यांत भारत नाही. सबब तेथील खासगी शाळेचे पत्र आले, तर प्रथम त्या देशाच्या वकिलातीत चौकशी करावी. २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील खोट्या नोकऱ्यांविषयी इशारा दिला होता. त्या आमिषाने गेलेले तरुण म्यानमारमध्ये नेऊन डांबले गेले. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांस तेथून सोडवून विमानाने परत आणावे लागले. दलालास पैसे देण्यापूर्वी त्याची नोंदणी मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर पाहता येते. एवढी तसदी प्रत्येक पालकाने घ्यावीच.

तिसरी गोष्ट आपणां सर्वांची. परतीचे भाडे आणि तीन महिन्यांचा खर्च मुलाच्या स्वतःच्या खात्यात असल्यावाचून त्यास विमानात बसवू नये. आणि ही रक्कम दागिने गहाण टाकून उभी करू नये. कर्जाच्या ओझ्याखालील शिक्षक वाईट शाळाही सोडू शकत नाही.

दुरून डोंगर साजरे, हे खरे. तथापि डोंगर चढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परमुलखात शिकविल्याने शिक्षक मोठा होतो. मात्र कोणी सहा महिन्यांत परत आला, तर लग्नकार्यात त्यास "का हो, जमले नाही वाटते?" असे विचारू नये. या एका प्रश्नाच्या धास्तीने कित्येक मुले तेथे अपमान गिळीत राहतात. परत येण्याचे दार घरच्यांनी उघडे ठेवले, तरच मुलास "नको" म्हणण्याचे बळ येते.