छोट्या डब्यात न मावलेले खेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमधली आहेस, एखादा तांत्रिक विषय घे. पण जेवणानंतरची वेळ आहे, झोप येईल असा नको." म्हणून मी व्हिडिओ गेम घेतला. सर, बाई, ज्या गोष्टीवरून तुम्ही आम्हाला रागावायचात, तिच्यावर आज तुमच्यासमोर माइकवरून बोलते आहे. तेवढी मोकळीक असू द्या.

आपल्या बॅचला आठवत असेल, नव्वदीच्या दशकात शिंदखेड्यात समुराई, लिटल मास्टर असल्या नावांचे डबे आले. कोणाचे मामा सुरतेहून आणायचे, कोणी धुळ्याहून घ्यायचं, तर कोणी तासाच्या भाड्याने खेळायचं. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीचं, १९८३ सालचं फॅमिकॉम. आपल्याकडे पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. कॅसेटवर '९९९९९९ इन १' छापलेलं असायचं आणि खरे खेळ दहा-बारा. बाकी तेच फिरून फिरून. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, आणि रंगात आलं की नेमकी लाइट जायची.

आता हेच खेळ पुन्हा बाजारात आले आहेत. निन्टेंडोने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या जुन्या यंत्राची तळहातावर मावेल एवढी प्रतिकृती काढली. आत ३० खेळ भरलेले, टीव्हीला जोडा आणि खेळा. लोकांच्या उड्या पडल्या. मग इतर कंपन्यांनीही तेच केलं. दिसायला वस्तू फार गोड आहे. पण इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर तिच्यात बऱ्याच उणिवा आहेत, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली अगदी साधी, वायरीची. रिमोटची वायर जेमतेम अडीच फूट. आपण टीव्हीपासून लांब बसायचो, कारण "डोळे जातील" म्हणून आई मागे ओढायची. इथे टीव्हीला नाक लावूनच बसावं लागतं. शिवाय खेळ बदलायचा तर उठून डब्यावरचं रिसेट बटण दाबायचं.

दुसरी उणीव टीव्हीची. बदकं मारायची बंदूक आठवते ना? तिच्यातून गोळी सुटत नव्हती, उलट ती प्रकाश पाहायची. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की नेम लागला. ही सगळी गणितं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बसवलेली होती. आजचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर करतो, त्यामुळे ती जुनी बंदूक त्याच्यासमोर आंधळी होते. म्हणून त्या छोट्या डब्यात बंदूक नाही आणि बदकंही नाहीत. उडी मारायचं बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो असं वाटतं, त्यामागेही बऱ्याचदा टीव्हीचा हाच उशीर असतो.

तिसरं उदाहरण सोनीच्या डिसेंबर २०१८ मधल्या छोट्या प्लेस्टेशनचं. त्यात २० खेळ होते. त्यांतल्या नऊ खेळांच्या युरोपातल्या आवृत्त्या घातल्या होत्या, टेकन ३ सुद्धा. युरोपातला टीव्ही, आपल्यासारखाच, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलायचा. जपान-अमेरिकेतला ६० वेळा. ६० च्या हिशेबाने बांधलेला खेळ ५० वर चालवला की तो सहाव्या हिश्श्याने मंदावतो. जाणकारांनी ते लगेच ओळखलं आणि थोड्याच महिन्यांत त्या डब्याची किंमत कोसळली.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती चौथी उणीव. या डब्यांना कॅसेट घालायची जागाच नाही. मारिओचा पहिला खेळ अवघा ४० किलोबाइटचा आहे. फोनवरच्या एका फोटोत असे कितीतरी मारिओ मावतील. म्हणजे अडचण जागेची नव्हती. कोणते ३० खेळ आठवणीत ठेवायचे हे कंपनीने ठरवलं आणि झाकण लावून टाकलं. निन्टेंडोच्या त्या यादीत मारिओ आहे, पण आपला कॉन्ट्रा नाही. आहे तो त्याचा पुढचा भाग. रणगाड्यांचा बॅटल सिटी नाही, गाडीचा रोड फायटर नाही. ती यादी अमेरिका-युरोपातल्या मुलांच्या बालपणाची आहे. शिंदखेड्याच्या मुलांचं बालपण तिच्यात असण्याचं कारणच नव्हतं.

आपली आधीची कॅसेट फसवी होती, पण ती हातोहात फिरायची. ती एका घरातून दुसऱ्या घरात जायची आणि भांडण होऊन परत यायची. बंद डब्यात हे होत नाही.

हे फक्त आपल्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या एका संस्थेने २०२३ मध्ये मोजून सांगितलं की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. मूळ खेळांची ही गत, तर आपल्याकडच्या नकलांची नोंद कोण ठेवणार?

आणि खेळांबरोबर खेळणाऱ्यांचीही नोंद जाते. रिमोट दोनच असायचे आणि ते बहुधा मुलांच्या हातात. आम्ही मुली मागे उभ्या राहून आकडे लक्षात ठेवायचो, कोणाचा किती स्कोअर ते. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते खिडकीतून पाहायचे. आपल्या वर्गातल्या काही मैत्रिणींची दहावीनंतर लगेच लग्नं झाली, काही मित्रांनी शेतीमुळे शाळा सोडली. आजच्या फोटोत ते नाहीत. आठवणींचा छोटा डबा बनवताना कंपनीसारखी आपणही निवडक ३० नावं भरून झाकण लावू नये, एवढंच मला वाटतं.

म्हणून दोन विनंत्या करते. कोणाच्या माळ्यावर असा डबा किंवा कॅसेट पडून असेल तर भंगारात देऊ नका. त्या कॅसेटवरच्या कागदाचा फोटो, आत कोणते खेळ होते, कुठून आणली, तासाला किती भाडं होतं, हे एका वहीत लिहून काढा. मी ते एकत्र करायला तयार आहे. चार पेचांनी उघडणारा तो डबा शाळेच्या विज्ञान खोलीत ठेवला तर आजच्या मुलांना आतला सर्किट बोर्ड तरी दिसेल. फोन काही त्यांना उघडता येत नाही.

दुसरी विनंती अशी की, जे आज आले नाहीत त्यांचा नंबर ज्याच्याकडे असेल त्याने जायच्या आधी संयोजकांकडे द्यावा. पुढच्या मेळाव्याच्या यादीला झाकण नको, कॅसेटसारखी जागा हवी.