एक पर्वत आणि दोन विमाने



डॉ. होमी भाभा विमानाच्या अपघातात गेले, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु ज्या पर्वतावर ते गेले, त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच खडकापाशी, पंधरा वर्षे आधी आपल्याच देशाचे दुसरे एक विमान आदळले होते, हे फार थोड्यांच्या कानांवर असते. त्या पर्वताची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

पर्वताचे नाव मों ब्लां, म्हणजे शुभ्र पर्वत. फ्रान्स आणि इटली यांच्या सीमेवर तो उभा आहे. उंची ४,८०० मीटरांहून थोडी अधिक. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. यावरून कल्पना करावी. जिनिव्हाला उतरू पाहणाऱ्या विमानाला या राक्षसाची वाट चुकवूनच खाली यावे लागते.

३ नोव्हेंबर १९५० रोजी मुंबईहून निघालेले 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरोमार्गे जिनिव्हाकडे जात असता, वादळी हवेत शिखराखालच्या तुर्नेतच्या खडकांवर आदळले. आतली अठ्ठेचाळीस माणसे गेली. प्रवाशांत बहुतेक सारे खलाशी होते. विलायतेत जहाजावर रुजू व्हायला निघालेले. पायथ्याच्या शामोनी गावातून मदतीला माणसे निघाली, आणि त्यांतला रने पायो हा वाटाड्या बर्फात प्राणांस मुकला. ज्यांना त्याने कधी पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी तो गेला.

२४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे बोइंग विमान त्याच वाटेने आले. आत एकशे सतरा माणसे. त्यांत व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले डॉ. भाभा. बैरूतहून निघतानाच विमानाचे स्थान कळण्यासाठी लागणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद होते. वैमानिकाला वाटले, पर्वत मागे पडत आहे. जमिनीवरच्या रडार-नियंत्रकाने, तो अजून पाच मैल पुढे आहे, असे सुचविले. परंतु ते बोलणे इतके संदिग्ध झाले की वैमानिकाने उलटाच अर्थ घेतला आणि विमान खाली घेतले. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष हा असा आहे. घातपाताच्या कथा आजही चवीने सांगितल्या जातात. पण इतके मोठे नुकसान एका धड न कळलेल्या वाक्याने व्हावे, हेच मनाला मानवत नाही, म्हणून आपण कारस्थाने शोधतो.

आता पर्वताचे पुढचे वर्तन पाहा. वर पडलेला बर्फ दबून घट्ट होतो आणि स्वतःच्याच भाराने हळूहळू उतारावरून सरकतो. बोसों नावाची अशी एक हिमनदी त्या खडकांखालून दरीत उतरते. वर गाडलेली वस्तू ती काही दशकांनी खाली आणून देते. २०१२ साली आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची पिशवी सापडली. २०१३ साली एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी मिळाली; ती त्याने मुकाट्याने पोलिसांच्या हवाली केली. २०२० साली वर्तमानपत्रे निघाली. त्यांत बातमी होती इंदिरा गांधी पंतप्रधान म्हणून निवडून आल्याची!

पर्वत हिशेब चोख ठेवतो. त्याच्या दप्तरी शास्त्रज्ञ आणि खलाशी असा भेद नाही. तो भेद आमच्या दप्तरी आहे. भाभांचे नाव तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला १९६७ साली दिले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्या खलाशांतल्या एकाचे तरी नाव आज आम्हांला सांगता येईल काय? आम्ही स्वतःस विचारले, आणि मान खाली घातली. कोकणातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष असाच दर्यावर जात आला. 'गेला तो गेला' एवढ्यावरच घराने समाधान मानावे काय?

मोठ्या माणसाचे स्मरण समाज आपसूक करतो. लहान माणसाचे मुद्दाम करावे लागते. पुढे कधी भाभांच्या मृत्यूचा विषय निघाला, तर त्याच खडकापाशी आधी गेलेल्या खलाशांचा आणि त्यांच्यासाठी बर्फात शिरलेल्या त्या वाटाड्याचाही उल्लेख आपण करावा, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.