बंद दाराआडचा मृत्यू आणि आपण शेजारणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी घरातल्या खुनाच्या तपासावर बोलावयाचे, हे काहींना रुचणार नाही. गाणी व्हावीत, हळदीकुंकू व्हावे, चार गोड शब्द बोलावेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मंडळ म्हणजे केवळ करमणुकीचे ठिकाण नव्हे. एकमेकींच्या घराचे दार जिथे हक्काने ठोठावता येते, ते मंडळ. आणि माझा आजचा विषय त्या दाराचाच आहे.

रस्त्यावर खून झाला तर पाहणारे दहाजण असतात. घरात एखादी तरुण स्त्री मेली तर पाहणारे कोण? त्या घरातलीच माणसे. त्यांपैकीच कोणाच्या हातून ते कृत्य घडले असेल, तर खरे सांगणारे कोणीच उरत नाही. मग बोलायचे ते निर्जीव वस्तूंनी, मृत देहाने, आणि तिच्याशी ज्यांचा संबंध होता त्या माणसांनी. तपास म्हणजे या मुक्या साक्षीदारांना बोलते करणे. त्यांतले निम्मे साक्षीदार पोलीस येण्यापूर्वीच नाहीसे होतात, आणि ते नाहीसे करणारे हात पुष्कळदा आपल्यासारख्या भल्या माणसांचेच असतात. हीच गोष्ट आज मला आपणांपुढे मांडावयाची आहे.

यासाठी एक उदाहरण घेते. पुण्याची मंजुश्री सारडा हे नाव आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. ही बीडची मुलगी. फेब्रुवारी १९८२ मध्ये तिचे लग्न झाले आणि ती पुण्याला सासरी आली. चार महिन्यांनी, ११ आणि १२ जूनमधल्या रात्री, ती राहत्या घरी मरण पावली. मृत्यू सायनाइडसारख्या जहाल विषाने झाला होता. तिने स्वतः विष घेतले, की तिला ते दिले गेले, हा सारा प्रश्न होता.

खटला उभा राहिला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ जुलै १९८४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पतीला निर्दोष सोडले. खून झाला, ही गोष्ट सिद्ध झाली नाही. म्हणून त्या प्रकरणाविषयी बोलताना आपणही शब्द जपून वापरले पाहिजेत.

दोन न्यायालये फाशी देतात आणि तिसरे सोडून देते, हे ऐकून त्या काळी पुष्कळांना धक्का बसला. परंतु रागावण्यापूर्वी न्यायालयाने काय म्हटले ते समजून घ्यावे. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल, सारा पुरावा परिस्थितीजन्य असेल, तेव्हा काय काय सिद्ध व्हावे लागते, याच्या पाच कसोट्या त्या निकालपत्रात एकत्र सांगितल्या आहेत. त्यांना ‘पंचशील’ असेच नाव पडले आहे. परिस्थितीतली प्रत्येक कडी पक्की सिद्ध झाली पाहिजे. त्या साऱ्या गोष्टी आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखविणाऱ्या हव्यात. त्या निःसंदिग्ध हव्यात. दुसऱ्या कोणत्याही शक्यतेला त्यांनी जागा ठेवता कामा नये. आणि साखळी इतकी अखंड हवी की त्याच माणसाने ते कृत्य केले असले पाहिजे असेच म्हणावे लागेल. विषाच्या प्रकरणात आणखी चार गोष्टी लागतात. हेतू स्पष्ट हवा, मृत्यू त्याच विषाने झालेला हवा, ते विष आरोपीजवळ होते हे दिसले पाहिजे आणि ते देण्याची संधी त्याला होती हेही दिसले पाहिजे. सारडा खटल्यात विष आरोपीजवळ असल्याचा पुरावा नव्हता, आणि आत्महत्येची शक्यता पुसून टाकता येत नव्हती.

भगिनींनो, हा नियम कठोर वाटतो, पण तो आपल्याही लेकरांचे रक्षण करणारा आहे. उद्या कोणाच्या मुलावर, जावेवर, सासूवर खोटा आळ आला तर हीच कसोटी त्यांना वाचवील. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून नियम सैल करा असे न म्हणता, साखळीची एकही कडी पहिल्या दिवशी हरवू देऊ नका, असे आपण म्हटले पाहिजे.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा कोणता होता ठाऊक आहे? मंजुश्रीने लिहिलेली पत्रे. दोन बहिणीला आणि एक मैत्रिणीला. लग्नानंतरच्या त्या थोड्या दिवसांत तिने आपल्या मनाची कुचंबणा त्यांत उतरविली होती. मरणाऱ्या व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी किंवा तो ज्या परिस्थितीतून घडला त्याविषयी जे सांगितले वा लिहिले असेल, ते आपल्या कायद्यात पुरावा म्हणून घेता येते. ते सांगताना तिला मरणाची चाहूल असलीच पाहिजे, अशी अट इंग्लंडच्या कायद्यात होती, आपल्याकडे नाही. न्यायालयात त्या पत्रांचा ओळीओळीने विचार झाला. परंतु त्या पत्रांतून जसा छळ दिसत होता, तसे खचलेले मनही दिसत होते. एका बाजूने वाचले तर खुनाकडे, दुसऱ्या बाजूने वाचले तर आत्महत्येकडे.

याचा विचार करताना मला राहून राहून वाटते की, पत्रे न्यायालयात पोहोचली ती मुलगी गेल्यावर. ती जिवंत असताना अशी पत्रे आपल्याकडे येतात तेव्हा आपण काय करतो? ‘नवीन नवीन असे व्हायचेच, सांभाळून घे,’ असे उत्तर पाठवितो. हे मी कोणा एका घराला उद्देशून म्हणत नाही. हे उत्तर साऱ्या महाराष्ट्रातल्या आया, मावश्या आणि मैत्रिणी पिढ्यान्पिढ्या देत आल्या आहेत.

मंजुश्रीच्या मृत्यूने पुण्यातल्या स्त्रिया मात्र गप्प बसल्या नाहीत. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी नारी समता मंचातर्फे ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरविले. ते महाराष्ट्रात गावोगाव फिरले. देशभरही हुंडाबळींविरुद्ध आवाज उठत होता. त्याचा परिणाम कायद्यावर झाला. १९८३ मध्ये विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला, ते प्रसिद्ध ४९८-अ कलम. १९८६ मध्ये हुंडाबळी हा वेगळा गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हुंडाबळीचे कलम ८० आणि छळाचे कलम ८५ आहे. आकडे बदलले, आशय कायम आहे.

१९८३ च्या त्याच सुधारणेतली दुसरी एक गोष्ट आपणांस फारशी ठाऊक नसते, आणि ती तर प्रत्येकीने पदराला गाठ मारून ठेवावी अशी आहे. लग्नाला सात वर्षे झालेली नसताना एखादी स्त्री आत्महत्येने किंवा संशयास्पद रीतीने मेली, अथवा तिच्या कोणाही नातेवाइकाने मागणी केली, तर पोलिसांनी देह उत्तरीय तपासणीसाठी पाठविलाच पाहिजे. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. ‘कोणाही नातेवाइकाने’ हे शब्द लक्षात ठेवा. आईबाप दूर असतील, पण मावशी नाशकात असेल, तर तिचा शब्दही पुरेसा आहे.

आता तपास प्रत्यक्षात कसा चालतो ते थोडक्यात सांगते. पोलीस येतात, जागा बंद करतात आणि दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा होतो. देह कसा पडला होता, अंगावर कोणत्या खुणा आहेत, कडी आतून होती की बाहेरून, हे सारे लिहिले जाते. मग डॉक्टर देह तपासतात. मृत देहाचे ताठरणे, रक्त खाली उतरून पडलेले डाग, देहाची उष्णता यांवरून मृत्यूच्या वेळेचा अंदाज येतो. देह मागाहून हलविला असेल तर तेही डागांवरून पुष्कळदा कळते. फास घेतलेल्या गळ्यावरचा वळ बहुधा तिरका आणि वर चढत गेलेला असतो. दोरीने आवळलेल्या गळ्यावरचा बहुधा आडवा असतो. स्टोव्हच्या भडक्याने जळाली असे सांगितले गेले, तर डॉक्टर श्वासनलिकेत काजळी आहे का ते पाहतात. असेल तर ती आगीत जिवंत होती. नसेल तर आगीपूर्वीच प्राण गेला होता का, हे पाहावे लागते. विषाचा संशय असला की व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो. अशी न्यायसहायक प्रयोगशाळा आपल्या नाशकातही आहे. राज्याचे फौजदार जिथे शिकून तयार होतात ती पोलीस अकादमी तर आपल्या त्र्यंबक रस्त्यावरच आहे. म्हणजे शास्त्रही जवळ आहे आणि शिकलेले अधिकारीही. मग घोटाळा होतो तो कोठे?

घोटाळा होतो तो पहिल्या दोन तासांत. बातमी कळताच आपण शेजारणी धावतो. बिचारी अशी पडली आहे, म्हणून तिचे लुगडे सारखे करतो. घरात माणसे येणार, म्हणून फरशी पुसून घेतो. चहाचे कप विसळून पालथे घालतो. कोणी ओले कपडे भिजत टाकतो. कोणी वडीलधारा म्हणतो, ‘देहाची विटंबना नको, पोलीस नकोत, अंधार पडायच्या आत उचला.’ देहाला अंघोळ घातली जाते, कुंकू लावले जाते आणि गोदाकाठी अग्नी दिला जातो. सारे मायेने आणि रीतीने होते, परंतु त्या कपाबरोबर, त्या फरशीबरोबर, त्या देहाबरोबर साक्षीदार गेले. अग्नी दिलेल्या देहाची फेरतपासणी होत नाही.

ही तपासणी काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १९९६ च्या नोव्हेंबरात मराठवाड्यातल्या एका खेड्यात एक तरुण विवाहिता मेली. साप चावून मेली, असे माहेरी कळविण्यात आले. उत्तरीय तपासणीत मात्र गळा दाबल्याने गुदमरून मृत्यू झाल्याचे निघाले. टेम्पोसाठी माहेराहून पैसे आण, म्हणून तिचा छळ होत असे, हेही पुढे आले. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पतीची शिक्षा कायम केली आणि एक मोलाची गोष्ट सांगितली. घराच्या चार भिंतींआड गुन्हा घडला असेल तर फिर्यादी पक्षाकडून अशक्य तेवढ्या पुराव्याची अपेक्षा करता येत नाही. घरात असलेल्या माणसांनीही मृत्यू कसा झाला याचा पटेल असा खुलासा द्यावा लागतो. गप्प बसून सुटता येत नाही. आधी प्रकरण उभे करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाचीच राहते, परंतु ‘साप चावला’ एवढे बोलून दार लावून घेता येत नाही. तो देह तपासणीविना स्मशानात गेला असता तर सापावरच सारे निभावले असते.

म्हणून आपल्या मंडळापुढे मी चार साध्या गोष्टी ठेवते.

पहिली. शेजारी असा प्रसंग घडला आणि धुगधुगी असेल तर आधी डॉक्टर, आधी दवाखाना. जीव वाचविताना काही हलले तर हलू द्या. प्राण गेलेला असेल तर मात्र कशालाही हात लावू नका. ११२ क्रमांकावर फोन करा आणि पोलीस येईतो इतरांनाही आत जाऊ देऊ नका.

दुसरी. पंच व्हायला, जबाब द्यायला मागे सरू नका. ‘आपल्याला काय करायचे?’ हे वाक्य गुन्हेगाराचा सर्वांत जुना मित्र आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत असेल तर एवढे जाणून घ्या की, साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या घराबाहेर येण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. जबाबात मात्र पाहिले तेवढेच सांगा. ऐकीव ते ऐकीव म्हणून सांगा. रागाने एक शब्द वाढविलात तर उद्या उलटतपासणीत खऱ्या शब्दांचीही किंमत जाईल, आणि निरपराध माणूस अडकला तर ते पाप वेगळेच.

तिसरी. मुलीची पत्रे जपा. आता पत्रे कोण लिहितो, म्हणाल. लिहितात. ती फोनवर येतात, रात्री साडेअकराला येतात, आणि सकाळी ‘काही नाही ग, झोप येत नव्हती’ असा दुसरा संदेश येतो. पहिला पुसू नका.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. ते पत्र पुरावा होण्याची वाट पाहू नका. संदेश आला तर दुसऱ्या दिवशी गाडी पकडून जा. मुलगी परत आली तर तिला समजूत घालून पोहोचवून येण्यापूर्वी तिचे पूर्ण ऐकून घ्या. १८१ हा महिलांसाठी मदतीचा फोन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रीला विनामूल्य वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. यांतले काहीच जमले नाही तर मंडळाच्या दोघीतिघींनी त्या घरी सहज म्हणून जाऊन बसावे. बाहेरचे डोळे घरात येऊन गेले, एवढ्यानेही पुष्कळ हात आवरतात.

पूर्वीच्या आपल्या वाड्यांत चौक एक, नळ एक. कोणाच्या घरात भांडे आपटले तरी चौघींना ऐकू जाई. आज गंगापूर रोडला, इंदिरानगरला, सिडकोत नवी घरे झाली. दारे जाड झाली, आवाज कमी झाले. वाड्यातली कटकट परत आणा असे मी म्हणत नाही. परंतु तो कान तेवढा जागा ठेवा. शेजारची सून चार दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला दिसली नाही, तर वाटीभर साखर मागायला का होईना, दार ठोठवा.