कानाची गादी

मी महूहून बोलतोय.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. हेडफोनच्या कानावर बसणाऱ्या गाद्या, म्हणजे इअर पॅड, स्वच्छ कशा ठेवायच्या, हा आजचा विषय. रिटायर्ड फौजी माणसाने सीमेवरच्या गोष्टी सांगाव्यात, हा गाद्या काय पुसत बसलाय, असं वाटेल. पण या गादीपायी मी एक कान अर्धा घालवला आहे आणि दुसरा जाता जाता वाचला आहे. तेव्हा दहा मिनिटं द्या.

आधी पहिल्या कानाचं सांगतो. मी रणगाडा दलात होतो. टी-७२ रणगाड्यात आम्ही तिघं असायचो: कमांडर, गनर आणि ड्रायव्हर. डोक्याला जाड गाद्या भरलेली कापडी टोपी, तिच्यात कानाशी इअरफोन आणि गळ्याला माइक. इंजिनाच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तरी त्यातूनच. वर १२५ मिलिमीटरची तोफ. राजस्थानात महाजनच्या फायरिंग रेंजवर होतो तेव्हा माझ्या टोपीची डावीकडची गादी उसवली होती. स्टोअरमध्ये जाऊन बदलून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हटलं, उद्या बघू. दिवसभर फायरिंग झालं आणि संध्याकाळी डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. ती आजही वाजते. त्या बाजूने कोणी हळू बोललं तर मला अर्धंच कळतं. जवानांची मेंटेनन्स परेड घेणारा मी, स्वतःच्या टोपीची मात्र काळजी घेतली नाही. दोष माझाच.

आता दुसरा कान. रिटायर झाल्यावर मी मुलांना एसएसबीच्या मुलाखतीची तयारी ऑनलाइन करून देतो. रोज दोन-तीन तास हेडफोन लागतो. २०२० साली सगळ्या घरांत चाललं होतं तेच मीही केलं. हाताला सॅनिटायझर लावला की तोच कापूस हेडफोनवरून फिरवायचा. काही महिन्यांत गाद्यांना भेगा पडल्या, पापुद्रे सुटायला लागले. मी तसाच वापरत राहिलो. सुट्टीत आलेली नात एक दिवस म्हणाली, "आजोबा, तुमच्या कानाला हे काळं काळं काय लागलंय?" आम्ही दोघं हसलो.

पावसाळ्यात उजवा कान खाजायला लागला. मी घरचा वैद्य, कोमट खोबरेल तेल घातलं. आठवड्याभरात कान ठणकायला लागला, पाणी यायला लागलं, आवाज बसल्यासारखा झाला. डावा आधीच अधू, आणि आता उजवाही बंद. ते चार दिवस आमच्या घरात सौ. बोलत होत्या आणि मी फक्त त्यांच्या ओठांकडे बघत होतो. मंडळी, रणगाड्यात वाटली नव्हती एवढी भीती तेव्हा वाटली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानात बुरशी आहे. गरम, दमट हवेत हे बरंच होतं. हेडफोनमुळेच झालं असं ते म्हणाले नाहीत. पण बुरशीला हवा ओलावा, आणि तो मी सगळ्या बाजूंनी पुरवत होतो: घामट गादी तासन् तास कानावर, वरून तेल, वरून खाजवणं. त्यांनी कान साफ केला, थेंब दिले आणि तेल-पाणी बंद केलं. कान परत आला. त्या दिवसापासून आमच्या घरी दर रविवारी हेडफोनची मेंटेनन्स परेड असते. ती कशी, ते आता सांगतो.

पहिलं, गादी कशाची आहे ते ओळखा. चामड्यासारखी दिसणारी बहुतेक गादी म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतला दमटपणा, घाम आणि केसांचं तेल यांनी हा थर हळूहळू सुटतो. न वापरता कपाटात ठेवली तरी सुटतो. स्पिरिट आणि सॅनिटायझरने तो कोरडा पडून लवकर तडकतो. दुसरा प्रकार मखमलीसारख्या कापडाचा. ती गादी तडकत नाही, पण घाम आणि धूळ शोषून घेते.

दुसरं, गादी काढायची. काही गाद्या थोड्या फिरवल्या की निघतात, काहींची कड खाचेतून ओढून काढायची असते, काही खटक्यांवर बसवलेल्या असतात. आधी कंपनीची पुस्तिका बघा. चिकटवलेली असेल तर ओढू नका, जागेवरच पुसा.

तिसरं, पुसणं. वाटीभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब. मऊ कापड त्यात बुडवून घट्ट पिळा, पाणी टपकता कामा नये. चामडी गादी हलक्या हाताने पुसा. शिवणीत मळ बसतो, तिथे मऊ टूथब्रश चालवा. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने साबण काढा आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्या. ही गादी पाण्यात बुडवायची नाही. आतला फोम पाणी धरून ठेवतो आणि मग तिथेच वास आणि बुरशी. निघणारी मखमली गादी, पुस्तिकेत मनाई नसेल तर, हाताने धुता येते. पिळायची मात्र नाही. पंच्यात दाबून पाणी काढायचं आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं.

चौथं, वाळवणं. सावलीत, पंख्याखाली, रात्रभर. ऊन नको, हेअर ड्रायर नको.

पाचवं, गादीखालची जाळी. तिच्या मागे आवाजाचा पडदा असतो. हेडफोन उपडा धरा, म्हणजे कचरा खाली पडेल, आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका. तिथे पाण्याचा थेंबही नको.

रोजची सवय एवढीच: काम झालं की कोरड्या कापडाने घाम टिपा आणि हेडफोन अर्धा तास उघड्यावर राहू द्या. ओला हेडफोन डबीत बंद करू नका. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात, फेकू नका. डोक्याला तेल लावलं असेल तर त्या दिवशी हेडफोनला सुट्टी. आणि दुसऱ्याचा हेडफोन न पुसता घालू नका, मग तो घरच्या नातवाचा का असेना.

आता तुम्ही म्हणाल, गादी फाटली तरी आवाज तर येतोय. इथेच खरी मेख आहे. गादी कानाभोवती घट्ट बसली तर बाहेरचा गोंगाट अडतो आणि आतला भरदार आवाज आत राहतो. ती फाटली किंवा दबून सपाट झाली की आधी खर्जाचा आवाज निसटतो आणि बाहेरची गडबड आत शिरते. मग आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०. म्हणजे फाटकी गादी तुमच्या कानाचे तास खाते आणि तुम्हाला कळतही नाही.

म्हणून पापुद्रे सुटले, फोम सपाट झाला की गादी बदला. गोल असेल तर व्यास, लांबट असेल तर लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, जाडीही बघा आणि शक्यतो त्याच मॉडेलची मागवा. हेडफोनच्या मानाने गादी स्वस्त असते. कान तर बाजारात मिळतच नाही.

आणि कान खाजला, दुखला, पाणी आलं तर तेल नको, काडी नको. हेडफोन बाजूला ठेवा आणि कानाच्या डॉक्टरकडे जा.

महाजनच्या रेंजवर मी म्हटलं होतं, उद्या बघू. तुम्ही आजच बघा. हे ऐकून झालं की हेडफोन काढा, उजेडात धरा आणि गादीवरून एकदा बोट फिरवा. बोटाला काय लागतं ते बघून पुढचं ठरवा.

जय हिंद.