मापाची वायर

(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

श्रावण सरत आला की गणपतीच्या तयारीला घराघरांत माळ्यावरून एक पुठ्ठ्याचं खोकं खाली उतरतं. त्यात गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळा असतात, एकमेकींत गुंतलेल्या, आणि तळाशी दोन-तीन एक्स्टेंशन. माळा आपण हौसेनं नव्या आणतो. त्यासाठी पुण्याच्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लोहार चाळीत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. एक्स्टेंशन मात्र जुनीच चालवून घेतो. मखर खिडकीच्या कोपऱ्यात, सॉकेट दाराशी, आणि वायर नेमकी दीड हात कमी. मग तिच्यात दुसरी खोचायची, दुसरीत तिसरी. नाहीतर अंतर पाच मीटरचं आणि वायर पंधरा मीटरची, म्हणून उरलेलं वेटोळं चौरंगामागं कोंबायचं आणि वरून जरीचा पडदा सोडायचा. दोन्ही प्रकार वाईट. त्यापेक्षा आपल्या आराशीच्या मापाची वायर घरीच करता येते, आणि ती बाजारातल्या तयार मालापेक्षा चांगली होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भिंतीतलं वायरिंग, मीटर, मेन स्विच यांना हात लावायचा नाही. ते परवानाधारक वायरमनचं काम. आपण जे करणार आहोत ते टेबलावर बसून, कुठल्याही सॉकेटशी संबंध नसलेल्या सुट्या वायरीवर. ज्याला पेचकस नीट धरता येतो त्याला हे जमतं.

दुरुस्तीला येणाऱ्या एक्स्टेंशन पाहिल्यात तर एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. वायर मधे क्वचित जळते; जळते ती टोकाला. पिनटॉपच्या, म्हणजे प्लगच्या, स्क्रूखाली, सॉकेटच्या सैल पट्टीत, टेप गुंडाळलेल्या जोडात. तिथं तांब्याला तांबं घट्ट टेकलेलं नसलं की विजेच्या वाटेत अडथळा येतो, अडथळ्यापाशी उष्णता निर्माण होते, उष्णतेनं धातू काळा पडतो, पट्टीचा ताण जातो, जोड आणखी सैल होतो आणि पुन्हा आणखी तापतो. करंट दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. एकात एक खोचलेल्या तीन एक्स्टेंशन म्हणजे अशा तापणाऱ्या जागा तिप्पट. आपल्या मापाची एकच अखंड वायर केली की या जागाच कमी होतात. सगळा खटाटोप त्यासाठीच.

तर आधी माप. टेपनं घेऊ नका, सुतळीनं घ्या. सुतळी सॉकेटपासून खाली सोडा, भिंतीच्या कडेकडेनं न्या, दाराच्या चौकटीवरून वळवा, मखराच्या मागं नेऊन जिथं सॉकेट हवं तिथं गाठ मारा. सुतळी कोपरे मोजते, टेप मोजत नाही. मग त्यात हातभर भर घाला आणि तेवढी वायर तोडून आणा. सतरंजीखालून वायर न्यायची नाही, दाराच्या फटीतून तर नाहीच. फ्लॅटमधल्या मंडळींना आणखी एक सूचना: गॅलरीची अॅल्युमिनियमची सरकती खिडकी हा वायरीचा मोठा शत्रू. तिच्या खाचेतून वायर नेली की दहा दिवसांत कोणीतरी खिडकी जोरात ओढतो आणि आवरण कापलं जातं. एसीच्या पाइपाचं भोक असेल तर तिथून न्या, ते सगळ्यात बरं.

आता वायर कोणती? आजच्या एलईडी माळा फार कमी वीज खातात. दहा वॅटची एक, अशा दहा माळा लावल्या तरी शंभर वॅट, म्हणजे 230 व्होल्टला अर्धा अँपिअरसुद्धा नाही. या हिशोबानं केसासारखी वायरही पुरेल, आणि दुकानदार तीच हातात ठेवील. पण दिव्यांसाठी केलेल्या बोर्डाला फक्त दिवेच लागतात असं घर मी पाहिलेलं नाही. आरतीच्या आधी कोणीतरी त्यावर इस्त्री लावतो, कोणी मिक्सर लावतो, फोटोसाठी कोणी 500 वॅटचा हॅलोजन आणतो. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते; तिच्याबरोबर दोन हॅलोजन चालू झाले की आपण साडेआठ अँपिअरच्या पुढं गेलो. आपल्या साध्या लहान तीन पिनच्या सॉकेटची मर्यादा 6 अँपिअर, म्हणजे 1380 वॅट. म्हणून वायर तीन कोअरची, गोल आवरणाची, निदान 1 चौरस मिलिमीटरची घ्या. दुकानात ‘वन एमएम थ्री कोअर’ म्हटलं की कळतं. सोसायटीच्या गेटपर्यंत लांब न्यायची असेल तर दीड एमएम. आवरणावर आयएसआयचा शिक्का छापलेला हवा.

शिक्क्यावरही संशय असेल तर दुकानातच टोक सोलून पाहा. एक एमएमच्या लवचीक वायरीत सहसा 0.2 मिलिमीटर जाडीच्या 32 तारा असतात. त्या मोजा, सरळ बोटांनी वेगळ्या करून मोजा, दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. मग एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचं पाणी दिलेलं अॅल्युमिनियम आहे. नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

इथं आणखी एक गैरसमज. ‘आमच्याकडं एमसीबी आहे, काही झालं तर पडेल,’ असं लोक म्हणतात. ती एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की वीज तोडणारा स्विच, भिंतीतल्या जाड वायरीच्या राखणीला बसवलेली असते, बहुधा 10 किंवा 16 अँपिअरची. तुमची बारीक एक्स्टेंशन नऊ-दहा अँपिअरला मऊ पडून वास मारायला लागेल तेव्हा ती एमसीबी निवांत असेल. म्हणून एक्स्टेंशनच्या बॉक्समध्येच स्वतंत्र 6 अँपिअरची लहान एमसीबी किंवा फ्यूज बसवावा. तयार मालात हे असेलच असं नाही; घरी करण्यातला खरा फायदा हाच.

आता पिनटॉप. इथं घाई करायची नाही. बाहेरचं आवरण चार-पाच सेंटिमीटर सोलायचं. ब्लेड गोल फिरवून फक्त चरा पाडायचा, वायर तिथं वाकवायची म्हणजे आवरण आपोआप फाटतं. दाबून कापलं तर आतल्या कोअरला कट बसतो आणि तो दिसतही नाही. आत तीन रंग: तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या वायरीत लाल, काळा आणि हिरवा. पिनटॉपच्या आत एल, एन आणि ई ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, त्यांबरहुकूम जोडायचं. अर्थची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब का, हे कधी पाहिलंय? ती सॉकेटमध्ये आधी टेकावी आणि शेवटी सुटावी म्हणून. तोच न्याय आत लावायचा: हिरवी वायर इतर दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवायची. कोणी वायरीला अडखळून हिसका दिलाच तर फेज आधी तुटेल, अर्थ शेवटी.

प्रत्येक कोअरच्या तारा पिळून घ्यायच्या, दुमडून दुहेरी करायच्या आणि स्क्रू ज्या दिशेनं आवळतो त्याच दिशेनं त्याच्याभोवती वळवायच्या. एकही तार बाहेर लोंबता कामा नये. काही जण हौसेनं तारांच्या टोकाला डाग देतात, म्हणजे सोल्डर चढवतात. दिसायला छान दिसतं, पण सोल्डर मऊ असतो. स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू चेपतो आणि कालांतरानं जोड सैल. तांबं तांब्यासारखंच राहू द्या. आवळून झालं की प्रत्येक वायर ओढून बघा. शेवटी दोन स्क्रूंची ती आडवी पट्टी, जी निम्मे लोक फेकून देतात. तिच्याखाली बाहेरचं गोल आवरण आलं पाहिजे, आतल्या तीन वायरी नव्हेत. ओढ पट्टीनं सोसायची आहे, स्क्रूंनी नाही.

दुसऱ्या टोकाला पीव्हीसीचा बॉक्स आणि त्यात पाच पिनांची सॉकेट, म्हणजे दोन पिनांची माळही लागते आणि तीन पिनांचा हॅलोजनही. गॅलरीच्या कठड्यावर ठिकठिकाणी सॉकेट हवी असतील तर प्रत्येक जागी असा बॉक्स. आलेली वायर आणि पुढं जाणारी वायर दोन्ही त्याच सॉकेटच्या स्क्रूखाली. मधेच वायर सोलून, तिथं फाटा गुंडाळून वर काळी टेप, हा प्रकार बंद.

अमेरिकेत मात्र असे फाटे राजरोस काढतात, आणि त्यासाठी खास वस्तूही मिळतात. विजेच्या दिव्यांनी झाड सजवण्याची सुरुवातच तिथली: 1882 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा 80 बल्बांचं ख्रिसमसचं झाड घरात उभं केलं, आणि ते झाड फिरतही होतं. आज तिथले हौशी लोक नाताळसाठी चपट्या दोन कोअर वायरीचं अख्खं रीळ आणतात आणि हवी तिथं तोडतात. वायर चिमटीत धरून तिच्यावर दातेरी सॉकेट दाबून बसवतात. दात आवरणात शिरून तारेला टेकतात, सोलायचं काम नाही. दोन मिनिटांत मापाची वायर तयार. कल्पना सुंदर आहे, पण इथं आणू नका. त्यांचा दाब 120 व्होल्ट, आपला 230. त्यामुळं तेवढ्याच दिव्यांना आपल्याकडं करंट निम्म्याच्या आसपास लागतो हे खरं, पण झटका बसला तर तो जबर. त्या वायरीला अर्थ नसतो. आणि त्यांचा सण बर्फात येतो, आपला भाद्रपदातल्या पावसात.

एक्स्टेंशन तयार झाली की थेट भिंतीत खोचायची नाही. वायरमन लोकांकडं सीरिज लॅम्प असतो: साठ वॅटचा फिलामेंटचा बल्ब, आपल्या एक्स्टेंशनच्या वाटेत ओळीनं जोडलेला. सॉकेट रिकामी ठेवून वीज सोडली की हा बल्ब विझलेलाच राहिला पाहिजे. लख्ख पेटला तर आत फेज कुठंतरी न्यूट्रलला किंवा अर्थला टेकली आहे, उघडून पाहा. विझलेला राहिला की सॉकेटला दुसरा तसाच बल्ब लावायचा. दोन्ही मंद पेटले की वाट बरोबर. एलईडी बल्बनं ही परीक्षा होत नाही, म्हणून फिलामेंटचा एक बल्ब जपून ठेवा. अर्थची वायर टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे का ते मल्टिमीटरनं पाहायचं. हे सगळं जवळच्या वायरमनकडून करून घेतलंत तरी त्याला चहाच्या वेळेइतकाच वेळ लागेल.

उघड्यावर लावणार असाल तर बॉक्स झाकणाचा, पावसाच्या शिंतोड्यांना दाद न देणारा घ्या आणि वायर त्यात खालून शिरू द्या. बॉक्सच्या आधी वायरीला खाली झोल द्यायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, बॉक्समध्ये जात नाही. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पडणारा स्विच, असेल तर तिचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबून बघा; खटकन पडली पाहिजे. आकाशकंदील वायरीवर लटकवू नका, दोरीवर लटकवा. वायर दोरीपेक्षा थोडी सैल राहू दे.

गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी एवढंच: लोखंडी पाइप आणि पत्र्याचा मांडव म्हणजे घरची आरास नव्हे. तिथं अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, काम परवानाधारकाकडून करून घ्या, मांडवाच्या सांगाड्याला अर्थिंग करून घ्या. शेजारच्या खांबावर आकडा टाकणाऱ्याला मंडळात ठेवूच नका. वीज कंपनीकडं तक्रार करायची तर 1912 हा क्रमांक आहे.

विसर्जनानंतर वायर मोठ्या वेटोळ्यांत, न पिळता गुंडाळा आणि पिनटॉपजवळ चिकटपट्टीवर लिहा: किती मीटर, किती अँपिअर, कुठल्या जागेसाठी. वापरताना मात्र ती पूर्ण उलगडलेली हवी; वेटोळ्यात उष्णता कोंडते.

शेवटची गोष्ट. माळ उलटी बांधली गेली की काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करतात. तिचं एक टोक सॉकेटमध्ये गेलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांत 230 व्होल्ट असतात, आणि त्या कोणाच्या हातात येतील याचा नेम नाही. अशी वायर घरात किंवा मंडळाच्या पेटीत असेल तर गणपती बसायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांच्या पिना कापून फेकून द्या. माळ सोडून सुलटी बांधायला अर्धा तास लागतो.