उभ्या मोटारीची थरथर
(नभोवाणीवरील भाषण)

मोटार रस्त्यानें धांवत असतां बहुधा तक्रार करीत नाहीं. ती तक्रार करते ती उभी असतां. चौकांत तांबडा दिवा लागतो, गाडी थांबते, इंजिन मात्र चालूच असतें. आणि मग सुकाणूचें चाक हातांत थरथरूं लागतें, आरशांतील मागचें चित्र अस्पष्ट होतें, बैठकीखालून हादरे जाणवतात. दिवा हिरवा होऊन गाडी निघाली, कीं सारें शांत! अशा वेळीं गृहस्थ गाडी घेऊन कारखान्यांत जातो व "गाडी हलते" एवढेंच सांगतो. तेथें प्लग बदलले जातात. तेवढ्यानें भागलें नाहीं तर कॉइली, मग इंजेक्टर. आणि इतका पैसा खर्चूनहि थरथर होती तशीच राहते. कारागीर लबाड असतो म्हणून असें होतें असें नव्हे; निदान होण्यापूर्वींच औषध सुरू झालेलें असतें, हें त्याचें खरें कारण. तें निदान कोणत्या क्रमानें करावें व त्यांत मालकाचा वांटा कोणता, हें पेट्रोलच्या गाडीपुरतें आज सांगण्याचा माझा विचार आहे.

उभ्या गाडींतच हादरे कां जाणवावे? बहुतेक लहान मोटारींचीं इंजिनें तीन किंवा चार सिलिंडरांचीं असतात, आणि त्यांचें काम चार टप्प्यांच्या पद्धतीनें चालतें. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं यशस्वी करून दाखविलेली ती हीच पद्धत. तींत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होईपर्यंत प्रत्येक सिलिंडरांत इंधन एकदांच पेटतें. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास ७५० फेरे करतें असें धरलें, तर चार सिलिंडरांच्या इंजिनांत सेकंदास २५ वेळां ज्वलन होतें. तीन सिलिंडरांच्या इंजिनांत १९ वेळांहूनहि किंचित् कमी. प्रत्येक ज्वलन म्हणजे एक धक्का. इंजिन वेगानें फिरत असतां हे धक्के इतके जवळजवळ येतात कीं फ्लायव्हील नांवाचें जड चाक ते सहज पचवितें. गति मंद झाली म्हणजे ते सुटे सुटे पडतात व अंगाला लागतात. तेव्हां थोडी थरथर स्वाभाविकच होय, आणि तीन सिलिंडरांच्या गाडींत ती अधिक असावयाचीच. १९८३ सालीं निघालेल्या मारुती ८०० चें इंजिन तीन सिलिंडरांचेंच होतें. असल्या गाडीची तुलना शेजाऱ्याच्या चार सिलिंडरांच्या गाडीशीं करणें न्यायाचें नाहीं. तुलना करावी ती त्याच गाडीच्या पूर्वीच्या वागणुकीशीं, किंवा त्याच बनावटीच्या दुसऱ्या निरोगी गाडीशीं.

थरथर खरोखरच वाढली आहे अशी खात्री झाली, म्हणजे एक मूळचा प्रश्न विचारावा. चार भोई पालखी नेत आहेत, आणि आंत बसलेल्यास हादरे बसत आहेत, असें समजा. याचीं कारणें दोन असूं शकतील. एखादा भोई लंगडत असेल. किंवा चौघांचींहि पावलें बिनचूक पडत असून खांद्यावरची उशी तेवढी फाटली असेल. इंजिनाचेंहि असेंच आहे. एखादें सिलिंडर आपलें काम चुकवीत असेल, ज्याला आपले कारागीर "गाडी मिसिंग करते" असें म्हणतात. किंवा इंजिन सुरळीत चालत असून त्याला तोलून धरणाऱ्या रबरी बैठका, म्हणजेच माउंटिंग किंवा फाउंडेशन, निकामी झाल्या असतील. इंजिन अडखळतें आहे कीं त्याचा आधार खचला आहे? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यापूर्वीं एकहि भाग विकत घेऊं नये.

या रबरी बैठकांचें महत्त्व पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. १९३१ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ गाडीचें इंजिन रबराच्या आधारांवर अशा बेतानें बसविलें, कीं त्यानें आपल्या गुरुत्वमध्यांतून जाणाऱ्या अक्षाभोंवतीं मोकळेपणानें किंचित् डोलावें. इंजिन डोललें, पण त्याचे हादरे गाडीच्या सांगाड्यापर्यंत फारसे पोंचेनासे झाले. तत्त्व आजहि तेंच आहे: इंजिन थोडें हललें तरी चालेल, गाडी हलूं नये. रबर वर्षानुवर्षें उष्णता व तेल खाऊन कडक होतें, चिरतें, दबतें. कांहीं बैठकांत द्रव भरलेला असतो, तो गळून जातो. मग इंजिनाचा प्रत्येक धक्का सरळ पत्र्यांत उतरतो. गतिरोधकावर पोट घासून सायलेन्सरची नळी सांगाड्याला टेकली असेल, तरीहि परिणाम हुबेहूब तोच.

या दोन दोषांची निवड करण्यास मालकाचें निरीक्षण फार उपयोगी पडतें, कारण गाडीचा रोजचा सहवास त्याला असतो. चढावर किंवा जोरानें पुढें काढतांनाहि गाडी अडखळते काय? अडखळत असेल, तर दोष बहुधा ज्वलनाचा. ती चढ झोंकांत चढते व उभी राहिल्यावरच तेवढी थरथरते, तर बैठकांचा किंवा मंद गतीच्या हवेचा संशय घ्यावा. फेरे दाखविणारा कांटा स्थिर आहे, कीं खालींवर होतो? स्वयंचलित गिअरची गाडी ब्रेक दाबून "डी" मध्यें उभी असतां थरथर अधिक, आणि न्यूट्रलमध्यें घालतांच पुष्कळ कमी, असें असल्यास बैठका आधीं तपासाव्या. वातानुकूलन यंत्र चालू करतांच हादरे वाढतात काय? त्याच्या ओझ्यानें गति नेहमींपेक्षां खालीं जात असेल. रेडिएटरचा पंखा सुरू होण्याच्या क्षणींच थरथर येत असेल, तर पंख्याचें एखादें पातें तुटलेलें असूं शकेल. इंजिनाकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं.

नंतर कानाचें काम. गाडी मोकळ्या जागीं उभी करावी. बंद गॅरेजांत इंजिन चालू ठेवणें प्राणघातक आहे, कारण त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सायलेन्सरच्या तोंडाशीं उभें राहून फुत्कार ऐकावे. ते एकसारखे असल्यास चारी भोई नीट चालले आहेत असें समजावें. ठराविक अंतरानें एक ठोका गळत असेल, तर एक सिलिंडर स्वस्थ बसलें आहे. जुने कारागीर तेथें कागदाची पट्टी धरीत. ती बाहेरच्या बाजूस सारखी फडफडत राहिली तर ठीक. मधून मधून थबकली किंवा नळीकडे ओढली गेली, तर ज्वलनांत किंवा झडपांत दोष. नळीला हात मात्र लावूं नये.

मिसिंग ठरलें तरीहि सारेच प्लग, साऱ्याच कॉइली बदलण्याचें कारण नाहीं. नव्या गाड्यांतील संगणक चुकणाऱ्या सिलिंडराची नोंद ठेवतो. पी ०३०१ म्हणजे पहिलें सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरें. पी ०३०० म्हणजे चूक एकाच ठिकाणची नाहीं. परंतु ही नोंद स्थळ सांगते, कारण सांगत नाहीं. कारण शोधण्याची एक साधी युक्ति आहे. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची पहिल्यावर बसवावी. दोष तिच्याबरोबर दुसऱ्याकडे गेला, तर अपराधी कॉइल. तो जागचा हलला नाहीं, तर हीच रीत प्लगास लावावी, मग इंजेक्टर पाहावा, व अखेरीस सिलिंडरांतील दाब मोजावा. दाब मोजतांना एकट्या आंकड्यापेक्षां सिलिंडरासिलिंडरांतील फरक अधिक बोलका असतो; एकाचाच दाब पडला असेल, तर झडप जळली असण्याचा संभव असतो.

साऱ्याच सिलिंडरांचें काम डळमळीत असेल, तर हवेकडे वळावें. उभ्या गाडींत हवेची मुख्य झडप जवळजवळ बंद असते, आणि तिच्या पलीकडील ओढ फार जोराची असते. अशा वेळीं एखादी रबरी नळी चिरलेली असली, कीं तिच्यांतून बेहिशेबी हवा आंत शिरते व मिश्रण पातळ होतें. इंजिन वेगानें फिरूं लागलें म्हणजे एकूण हवेच्या मानानें ही चोरी क्षुल्लक ठरते. म्हणूनच रेस देतांच हादरे कमी होतात. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून ही गळती शोधणें धोक्याचें आहे. नळ्यांत धूर सोडून, तो कोठून बाहेर येतो हें पाहणें बरें. झडपेवर काजळी सांचली असली तरीहि गति मंदावते. तेथें सफाईनेंच काम भागतें.

एका बाबतींत मात्र दिरंगाई करूं नये. मिसिंग होत असतां इंजिनाचा इषारा देणारा दिवा उघडझांप करूं लागला, तर रेस कमी करून गाडी सुरक्षित जागीं थांबवावी. न पेटलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन तेथें जळतें, आणि त्या उष्णतेनें आंतील जाळी वितळूं शकते. कॉइल ही मानानें स्वस्त वस्तु, कन्व्हर्टर नव्हे. बैठकांचा दोष चार दिवस वाट पाहूं शकतो. हा दोष पाहूं शकत नाहीं.

तेव्हां पुढच्या वेळीं कारखान्यांत जातांना "गाडी हलते" एवढ्यावर थांबूं नका. थरथर केव्हांपासून आहे, इंजिन थंड असतां होते कीं तापल्यावर, कोणत्या गिअरांत होते, वातानुकूलनानें वाढते काय, चढावर गाडी कशी चालते, आणि दिवा लागला होता काय, या गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या. कारागिरानें एखादा भाग बदलावयास सांगितला, तर कोणत्या परीक्षेवरून हें ठरविलें, असें सौजन्यानें विचारा. ज्यानें परीक्षा केली आहे त्याला या प्रश्नाचा राग येणार नाहीं. आणि केली नसेल, तर तो ती त्या वेळीं तरी करील.