प्रतिकारशक्तीचा लगाम

घराला राखण असावी, हें कोणीहि मान्य करील. परंतु राखणदारच जर घरच्या माणसांना चोर समजून त्यांच्यावर काठी उगारूं लागला, तर घरधन्यानें काय करावें? त्याला घालवून द्यावें, तर दार उघडें पडतें. ठेवून घ्यावें, तर घरच्यांचींच डोकीं फुटतात. मनुष्याच्या शरीरावर असाच प्रसंग आणणारे कांहीं रोग आहेत. बाहेरून येणाऱ्या जंतूंचा नाश करण्यासाठीं निसर्गानें जी प्रतिकारशक्ति दिली आहे, तीच या रोगांत स्वतःच्या अवयवांना परके समजून त्यांच्यावर चालून जाते. हा हल्ला सांध्यांवर झाला म्हणजे आमवात जडतो. त्वचा, मूत्रपिंडें, रक्त अशा अनेक ठिकाणीं झाला म्हणजे त्याला ल्यूपस म्हणतात. अशा सर्व विकारांना वैद्यकशास्त्रांत ऑटोइम्यून रोग असें नांव आहे. त्यांवरील बहुतेक प्रमुख औषधांचें काम एकच, आणि तें म्हणजे खवळलेल्या राखणदाराला आवरणें. तो आवरला कीं वेदना थांबतात. परंतु तो आवरलेला असतांनाच खरा चोर आला तर काय, हा प्रश्न उरतोच. आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

या औषधांचा इतिहास उद्बोधक आहे. १९४८ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिक या संस्थेंत, आमवातानें जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला डॉक्टर फिलिप हेंच व त्यांचे सहकारी यांनीं एक नवें द्रव्य टोचलें. जिला हालचाल करणेंहि कठीण झालें होतें, ती आठवड्याभरांत बाजारांत जाऊन आली. हें द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५० सालीं हेंच, केंडॉल व राइखश्टाइन या तिघांना या क्षेत्रांतील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र थोड्याच अवधींत या अमृताची दुसरी बाजूहि दिसूं लागली. चेहरा सुजणें, हाडें ठिसूळ होणें, आणि वर्षानुवर्षें निपचित पडलेला क्षय पुन्हां डोकें वर काढणें, हे प्रकार वैद्यांच्या नजरेस येऊं लागले.

तरीहि या औषधांनीं वांचविलेल्या जीवांचा हिशेब विसरतां कामा नये. १९५५ च्या सुमारास ल्यूपस झालेल्या रुग्णांपैकीं जवळजवळ निम्मे पांच वर्षांच्या आंत दगावत. आज योग्य उपचार मिळाल्यास दहांपैकीं नऊंहून अधिक रुग्ण पांच वर्षांनंतरहि हयात असतात. १९७६ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथील वैद्यांनीं या रुग्णांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. जे लवकर गेले, ते रोगाच्या जोरानें व संसर्गानें गेले. जे उशिरां गेले, त्यांच्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार प्रामुख्यानें दिसला. रोगाचा जोर पुढें औषधांनीं पुष्कळच कमी केला. संसर्ग मात्र आजहि या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकीं एक आहे.

सर्वच औषधें सारखीं नाहींत, हें घरांतील माणसांनींहि समजून घेणें जरूर आहे. प्रेड्निसोलोनसारखीं स्टिरॉइडें सर्वच पहारा ढिला करतात. त्यांचा धोका मात्रेवर व मुदतीवर अवलंबून असतो. रोज १० मिलिग्रॅमहून अधिक मात्रा महिनोन्महिने चालली, तर संसर्गाचा संभव स्पष्टपणें वाढतो. आणि थोडी मात्राहि वर्षानुवर्षें घेतल्यास अगदीं निर्धास्त राहतां येत नाहीं. मेथोट्रेक्सेट हें आमवातावरील नेहमींचें औषध त्या मानानें सौम्य आहे. सायक्लोफॉस्फमाइड हें गंभीर प्रसंगीं वापरावयाचें, फार तीव्र औषध आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्रचारांत आलेलीं जैविक औषधें शरीरांतील एखादें विशिष्ट द्रव्य किंवा विशिष्ट पेशी गांठून अडवितात. त्यामुळें त्यांचा गुण जसा नेमका असतो, तसें त्यांच्यामुळें उघडें पडणारें दारहि बहुधा ठरलेलें असतें. कोणत्या औषधानें कोणतें दार उघडें पडतें हें कळलें, म्हणजे त्या दाराशीं निराळा पहारा बसवितां येतो.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण क्षयाचें आहे. क्षयाचे जंतु श्वासावाटे शरीरांत गेले, म्हणजे प्रत्येकाला क्षय होतोच असें नाहीं. बहुतेक वेळां संरक्षक पेशी त्या जंतूंभोंवतीं कडें करून त्यांना जागच्या जागीं कोंडून ठेवतात, आणि तो मनुष्य जन्मभर धडधाकट राहतो. जगांतील सुमारें चतुर्थांश लोकांना क्षयजंतूंची अशी बाधा होऊन गेली असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि जगांत दरवर्षीं जे नवे क्षयरोगी होतात, त्यांपैकीं सुमारें चतुर्थांश एकट्या भारतांत होतात. जंतूंभोंवतींचें हें कडें टिकवून धरण्यास टी. एन. एफ. नांवाचें द्रव्य लागतें. आमवातांत सांधे सुजविण्यांतहि त्याच द्रव्याचा मोठा हात असतो. १९९८-९९ च्या सुमारास या द्रव्याला अडविणारें इन्फ्लिक्सिमॅब हें औषध प्रचारांत आलें, तेव्हां आंखडलेले सांधे मोकळे झाले खरे. पण त्याबरोबर कांहींच्या शरीरांतील तें जुनें कडेंहि फुटलें. २००१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अहवालांत, हें औषध घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची हकीकत आली. त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांना क्षय फुप्फुसांच्या बाहेर झाला होता, आणि पुष्कळांना तो औषध सुरू झाल्यापासून पहिल्या तीन-चार महिन्यांतच झाला होता. खोकला नाहीं, म्हणून क्षय नाहीं, असें म्हणण्याची सोय उरली नाहीं.

मग हें औषध टाकून द्यावें काय? स्पेनमधील वैद्यांनीं तसें केलें नाहीं. २००२ च्या सुमारास त्यांनीं नियम घालून दिला, तो असा: औषध सुरू करण्यापूर्वीं प्रत्येक रुग्णाची क्षयाविषयीं चौकशी करावी, त्वचेवरील चांचणी करावी, छातीचें क्ष-किरण चित्र घ्यावें, आणि सुप्त क्षय आढळल्यास आधीं त्यावर प्रतिबंधक उपचार सुरू करावा. पुढें प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांवरून असें दिसलें कीं, या रुग्णांतील क्षयाचें प्रमाण शेंकडा ७८ नीं घटलें. २००७ सालच्या दुसऱ्या एका पाहणींत असें आढळलें कीं, जेथें हे नियम पुरते पाळले गेले नाहींत, तेथें क्षयाचा संभव सातपट होता. औषध तेंच, रोगहि तोच. अंतर पडलें तें केवळ दक्षतेमुळें.

अशींच आणखी कांहीं दारें आहेत. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणु यकृतांत दबून बसलेला असला, तर रिटक्सिमॅबसारख्या औषधानंतर तो उसळूं शकतो. म्हणून तें देण्यापूर्वीं रक्ताची चांचणी करण्याविषयीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१३ सालीं ठळक इशारा दिला. लहानपणीं कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या मज्जातंतूंत लपून राहिलेला विषाणु अशा वेळीं नागिणीच्या रूपानें बाहेर पडतो. फुप्फुसांना ग्रासणारी न्यूमोसिस्टिस नांवाची बुरशी मोठ्या मात्रेच्या स्टिरॉइडाबरोबर दुसरें तीव्र औषध चालू असतां विशेष भय दाखविते; योग्य रुग्णांना कोट्रायमोक्साझोल देऊन ती टाळतां येते. स्टिरॉइडें आणि मधुमेह यांची युति काय करूं शकते, हें तर २०२१ सालच्या करोनाच्या लाटेंत काळ्या बुरशीनें महाराष्ट्राला दाखवूनच दिलें. ते रुग्ण ऑटोइम्यून रोगाचे नव्हते. परंतु धडा तोच होता.

आतां एका सुशिक्षित कुटुंबांतील प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. घरांतील पन्नाशीच्या गृहिणीला आमवात आहे. डॉक्टरांनीं दिलेल्या स्टिरॉइडाच्या गोळ्यांनीं बोटें वळूं लागलीं, स्वयंपाकघर पुन्हां तिच्या हातीं आलें. गुण आला, म्हणून तपासणीस जाणें राहून गेलें. यजमान जुनीच चिठ्ठी दाखवून दुकानांतून गोळ्या आणीत राहिले. वर्ष उलटलें. मग संध्याकाळचा बारीक ताप येऊं लागला, भूक मंदावली, वजन उतरलें. ऋतु बदलला आहे, म्हणून तीन आठवडे काढ्यावर गेले. तेवढ्यांत कोणीतरी सांगितलें कीं, हा सारा प्रताप त्या गोळ्यांचा. बाईंनीं डबी उचलून कोनाड्यांत ठेवली आणि म्हटलें, “अहो, आतां पुरेत त्या गोळ्या. दुखलें तर सोसेन.” तिसऱ्या दिवशीं वांत्या सुरू झाल्या, रक्तदाब उतरला, आणि त्यांना बेशुद्ध स्थितींत रुग्णालयांत न्यावें लागलें.

या घरांत कोणीहि निष्काळजी नव्हतें; प्रत्येकजण आपापल्या समजुतीप्रमाणें बाईंच्या भल्यासाठींच झटत होता. तरी चुका तीन झाल्या. पहिली चूक देखरेखीशिवाय औषध चालू ठेवण्याची. दुसरी चूक तापाला क्षुल्लक मानण्याची. स्टिरॉइडें व कांहीं जैविक औषधें तापाचा भडका व सूजहि दाबून टाकतात; त्यामुळें आंत मोठा संसर्ग असूनहि बाहेर केवळ कणकण दिसते. तिसरी चूक सर्वांत भयंकर, ती म्हणजे औषध एकाएकीं बंद करण्याची. दीर्घकाळ बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलें, म्हणजे शरीरांतील अधिवृक्क ग्रंथि आपलें काम सोडून देतात. संसर्गाच्या वेळीं तर शरीराला त्या द्रव्याची गरज अधिकच असते. ऐन वेळीं तें तोडलें, तर मनुष्य संसर्गानें मरण्याआधीं त्या अभावानेंच मरावयाचा. संसर्ग झाल्यावर इतर प्रतिकाररोधक औषधें डॉक्टर कांहीं काळ थांबवितात. पण कोणतें थांबवावयाचें आणि कोणतें नाहीं, हा निर्णय घरांत घेण्याचा नव्हे.

शिवाय औषध टाळलें म्हणजे संसर्ग टळला, हा हिशेबहि चुकीचा आहे. आमवाताचा किंवा ल्यूपसचा रुग्ण त्या रोगामुळेंच इतरांपेक्षां संसर्गाला लवकर बळी पडतो. बळावलेला रोग हाही एक धोकाच आहे. भिऊन औषध टाकणें आणि निर्भय होऊन तें वाटेल तसें घेणें, या दोन टोंकांच्या मधून जाणारी वाट अरुंद असली, तरी ती चालतां येण्याजोगी आहे.

त्या वाटेवरचे नियम फार नाहींत. औषध सुरू होण्यापूर्वीं क्षयाची व काविळीची तपासणी झाली कीं नाहीं, हें विचारावें. घरांत पूर्वीं कोणाला क्षय झाला असल्यास तें लाजेनें झांकून ठेवूं नये. फ्लू व न्यूमोनिया यांच्या निर्जीव लशी शक्य तर आधींच टोंचून घ्याव्यात. गोंवर किंवा पीतज्वर यांसारख्या जिवंत लशी मात्र हीं औषधें चालू असतां डॉक्टरांना विचारल्याविना घेऊं नयेत. मेथोट्रेक्सेट आमवातासाठीं आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज घेतल्यानें रक्त तयार करणारी मज्जाच सुकून माणसें दगावलीं आहेत. म्हणून त्याचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. गुडघेदुखीवर रामबाण म्हणून मिळणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांपासून दूर राहावें. अशा पुड्यांत चोरून घातलेलीं स्टिरॉइडें सांपडलीं आहेत. आणि ताप १००.४ अंशांवर गेला, किंवा ताप नसतांहि धाप, ग्लानि, अंगावर पुरळ अथवा आठवड्याहून जुना खोकला असला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें, आणि चालू असलेल्या औषधांची यादी बरोबर न्यावी. नवख्या डॉक्टरांना ती यादी रुग्णाच्या नाडीइतकीच उपयोगी पडते.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा रुग्ण असेल, त्यांनीं आज रात्रीं निजण्यापूर्वीं एवढेंच करावें: औषधांची डबी उघडून प्रत्येक औषधाचें नांव, मात्रा व तें कधींपासून चालू आहे, हें एका कागदावर लिहावें, आणि शेवटची तपासणी केव्हां झाली होती तेंहि त्याखालीं मांडावें. ती तारीख आठवत नसेल, तर उद्यां सकाळीं पहिलें काम डॉक्टरांची वेळ घेण्याचें.